चार महिन्यांची आई, सोळा महिन्यांची आई

हिरव्या सी अर्चिनच्या, म्हणजे समुद्रतळावरच्या एका काटेरी, गोल प्राण्याच्या, माद्यांचे दोन गट. एक गट जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळवलेल्या समुद्राच्या पाण्यात चार महिने राहिला, दुसरा तशाच पाण्यात सोळा महिने. दोघींनाही विणीसाठी तयार केलं आणि अंडी मोजली. चार महिनेवालींची अंडी साध्या पाण्यातल्या माद्यांच्या तुलनेत साडेचार पटींनी घटली होती. सोळा महिनेवालींमध्ये आणि साध्या पाण्यातल्यांमध्ये फरक सापडला नाही.

म्हणजे ज्यांनी जास्त काळ सोसलं, त्यांचं कमी बिघडलं. गोथेनबर्ग विद्यापीठातले सॅम द्यूपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या या कामातला खरा धक्का मात्र पुढे आहे. चार महिनेवाल्या आईबापांची अंडी आणि शुक्राणू घेऊन जी पिल्लं वाढवली, त्यांतली बाल अर्चिन होण्यापर्यंत पोचलेली पिल्लं पाच ते नऊ पटींनी कमी भरली. सोळा महिनेवाल्यांच्या पिल्लांच्या जगण्यात असा फरक नव्हता. बाल अर्चिन झाल्यानंतर जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यानं त्यांच्या जगण्यावर थेट परिणाम केला नाही. अपवाद एकच, जेव्हा डिंभ म्हणूनही, म्हणजे बाल अर्चिन होण्याआधीच्या पोहत्या अवस्थेतही, ते त्याच पाण्यात वाढले होते.

समुद्राच्या आम्लीकरणाबद्दल लिहिताना हे प्रकरण एका ओळीत उरकलं जातं. कुणी पहिला अर्धा भाग उचलतं आणि ‘प्रजनन कोसळणार’ म्हणतं, कुणी दुसरा उचलतं आणि ‘प्राणी जुळवून घेतात’ म्हणतं. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. पिल्लाचं काय झालं हे पाहताना आपण पिल्लाच्या भांड्यातलं पाणी मोजतो. आई कोणत्या पाण्यात होती आणि किती काळ होती, हे मोजायचं राहून जातं. प्रदूषणाच्या बाबतीत तर ही चूक चाचणीच्या पद्धतीतच शिरून बसली आहे. तिथे येईनच, पण आधी पाणी.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे २८० भाग होता. आता ४२० च्या वर गेला आहे. माणूस जेवढा सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि ते पाण्यातल्या कार्बोनेटला गाठून त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात. समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू (पीएच) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. आकडा किरकोळ दिसतो, पण सामूची मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे हायड्रोजन आयन त्यात तीस टक्क्यांच्या आसपास वाढतात. उत्सर्जन चढंच राहिलं तर शतकाअखेरीस ७.८ किंवा ७.७ पर्यंत उतरण्याचे अंदाज आहेत. तरीही पाणी आम्ल होणार नाही, अल्कधर्मीच राहील. ‘समुद्राचं ॲसिड झालं’ असे मथळे काढणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं. प्राण्याला बाधतो तो बदल.

किनाऱ्याजवळ हिशोब आणखी गुंतागुंतीचा होतो. सांडपाणी आणि खतं वाहून आली की शैवाल माजतं, मरतं, कुजतं. कुजताना ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे प्रदूषण स्वतःच सामू खाली ओढतं. आम्लीकरण हा हवामानाचा विषय आणि प्रदूषण हा नगरपालिकेचा विषय अशी वाटणी कागदावर सोयीची असेल, पाण्यात ती टिकत नाही.

आता प्राणी. सी अर्चिन हा कंटकचर्मी, तारामाशाचा भाऊबंद. प्रयोगशाळेत त्याची अंडी मिळवायची पद्धत फार जुनी आणि फार सोपी आहे. प्राणी उलटा धरायचा. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून सुईनं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आत सोडायचं आणि हलकेच हलवायचं. थोड्याच वेळात पाठीकडच्या पाच छिद्रांमधून काहीतरी ओघळू लागतं. पांढरं, दुधट असेल तर नर. पिवळसर किंवा नारिंगी आणि दाणेदार असेल तर मादी. मादी तशीच उलटी समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या चंचुपात्रावर ठेवली की अंड्यांच्या बारीक धारा तळाशी बसतात. नराचा द्रव मात्र पाणी न लावता थंड ठेवतात. पाणी लागलं की शुक्राणू पळत सुटतात आणि लवकर दमतात.

शुक्राणू का पळत सुटतात, यात या प्रकरणाचा पहिला धागा आहे. जननग्रंथीत कार्बन डायऑक्साइड दाटलेला असतो, त्यामुळे शुक्राणूच्या आतला सामू खाली असतो आणि शेपटी हलवणारं डायनीन हे प्रथिन थंड पडून राहतं. बाहेरच्या पाण्यात आल्यावर आतला सामू चढतो, डायनीन जागं होतं आणि शेपटी वळवळू लागते. शरीरानं जो वायू ‘थांब’ म्हणण्यासाठी वापरला, तोच आपण बाहेरच्या पाण्यात वाढवत आहोत. पण यावरून थेट निष्कर्ष काढू नये. ऑस्ट्रेलियातल्या हेलिओसिडॅरिस एरिथ्रोग्रामा या जातीवर २००८ साली झालेल्या कामात ७.७ च्या सामूला शुक्राणूंचा वेग आणि फलन दोन्ही घटलेले दिसले, तर २००९ साली त्याच जातीवर दुसऱ्या गटाला फलनावर सामूचा परिणाम दिसला नाही, तापमानानं मात्र पुढची वाढ बिघडली. शुक्राणूंची दाटी किती ठेवली आणि कोणत्या नर-मादीची जोडी लावली, यावर असे निकाल फिरतात. या टप्प्याला मी फार वजन देत नाही.

वजन द्यावं ते डिंभाला. फलनानंतर मिनिटाभरात अंड्याभोवती पारदर्शक कवच उठतं, पेशी विभागत जातात आणि दोन-तीन दिवसांत चार हातांचा प्लूटियस तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो काचेचा वाटतो. प्रत्येक हातात कॅल्साइटची एक बारीक काडी, हातांच्या कडेनं केसलांचा, म्हणजे हलणाऱ्या सूक्ष्म केसांचा, पट्टा. तेच केसल त्याला पोहवतात आणि तेच सूक्ष्म शैवाल तोंडाकडे ढकलतात. हात आखूड झाले तर पट्टा आखूड, पट्टा आखूड तर घास कमी. आम्लीकरणाच्या प्रयोगांत सर्वांत जास्त वेळा नोंदवलेला परिणाम हाच: डिंभ लहान राहतात, हात आखूड राहतात.

कार्बोनेट कमी झालं म्हणून सांगाडा होत नाही, हे शाळेच्या फळ्यावरचं उत्तर. प्रत्यक्षात ही काडी उघड्या समुद्राच्या पाण्यात घडत नाही. सांगाडा बांधणाऱ्या खास पेशी एकमेकींत मिसळून एक सलग पिशवी करतात आणि तिच्या आत, आधी अस्फटिक रूपात आणि मग कॅल्साइट म्हणून, खनिज रचतात. बायकार्बोनेटपासून कॅल्शियम कार्बोनेट होताना दर वेळी एक हायड्रोजन आयन मोकळा होतो. तो पेशीबाहेर काढावा लागतो. मेइके स्टम्प आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की डिंभाच्या शरीरपोकळीतला द्रव बाहेरच्या पाण्याचा सामू जवळजवळ तसाच घेतो, कारण बाहेरची त्वचा आयनांना अडवत नाही. सांगाड्याच्या पेशी मात्र आपला आतला सामू नेटानं राखतात. बाहेर हायड्रोजन आयनांची दाटी झाली की आतला आयन बाहेर ढकलणं महाग पडतं. काडी बनते, पण तिची किंमत वाढते.

पोटाचीही तीच गत. या डिंभांचं पोट चांगलंच अल्कधर्मी असतं, सामू ९.५ च्या आसपास. आपल्या आम्लधर्मी पोटाच्या नेमकं उलट. बाहेरचा सामू उतरला की पोटाचाही उतरतो, पाचक विकरांची कार्यक्षमता घटते आणि तीच भूक भागवायला डिंभ जास्त खातात. २०१३ साली हिरव्या सी अर्चिनच्याच डिंभांत हे मोजलं गेलं. पाण्यात शैवाल मुबलक असेल तर हे निभावतं. नसेल तर काय, हे वेगळं सांगायला नको.

या वाढत्या खर्चाचा नेमका आकडा २०१५ साली कॅलिफोर्नियातून आला, जांभळ्या सी अर्चिनवरच्या कामातून. फ्रान्सिस पॅन, स्कॉट ॲपलबॉम आणि डोनल मॅनहन यांनी नजीकच्या भविष्यात अपेक्षित असलेल्या पाण्यात डिंभ वाढवले. आकार तोच, श्वसनाचा वेग तोच, शरीरातली प्रथिनं तीच, जनुकांची अभिव्यक्तीसुद्धा तीच. कुणीही ‘परिणाम नाही’ असं लिहून वही मिटली असती. त्यांनी प्रथिननिर्मिती आणि आयनांची वाहतूक जिवंत डिंभांत मोजली, तेव्हा दोन्ही साधारण पन्नास टक्क्यांनी वाढलेली निघाली. वाढत्या डिंभांच्या एकूण ऊर्जेपैकी ८४ टक्के ऊर्जा या दोनच कामांत जात होती. साध्या पाण्यातल्या भ्रूणांत आणि अजून न खाणाऱ्या डिंभांत हा वाटा सरासरी ४० टक्के होता. पगार तेवढाच आणि घरभाडं मात्र दुपटीवर गेलेलं, अशा घरात वरून सगळं ठीक दिसतं. एखादं आजारपण आलं की कळतं.

प्रदूषण म्हणजे हे आजारपण. पण तिकडे वळण्याआधी चार आणि सोळा महिन्यांचा गुंता सोडवू.

सी अर्चिनची जननग्रंथी वर्षाच्या चक्रानं चालते. आधी तिच्यातल्या पोषक पेशी साठा करतात, मग तो साठा खर्ची पडत अंडी आणि शुक्राणू भरतात. प्रौढ प्राणी बदललेल्या पाण्यात आला की शरीरद्रवात बायकार्बोनेट साठवून सामू सावरायला लागतो. त्यालाही ऊर्जा लागते. चार महिन्यांच्या गटात ही सावरासावर नेमकी विणीच्या तयारीच्या काळात पडली. अंड्यांत जायचं ते आईच्या रक्षणात गेलं, आणि जी अंडी झाली ती कमी शिदोरीची झाली असावीत, असं मी या निकालाचं वाचन करतो. सोळा महिन्यांच्या गटाला पूर्ण चक्र मिळालं. सावरणं आधी झालं, साठा नंतर झाला, अंडी त्याच्याही नंतर. अंटार्क्टिकातल्या स्टेरेकिनस न्यूमायेरी या जातीवर कोलीन सकलिंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेलं कामही याच दिशेनं बोट दाखवतं: सहा महिने बदललेल्या पाण्यात ठेवलेल्या प्रौढांच्या पिल्लांपेक्षा सतरा महिने ठेवलेल्यांची पिल्लं बरी निघाली.

मग चिंता संपली का? समुद्र तर दशकांच्या गतीनं बदलतो, तेव्हा प्रत्येक आई सोळा महिनेवालीच ठरेल, असा युक्तिवाद होतो. तो खुल्या समुद्राला लागू पडेल, किनाऱ्याला पडत नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वारे वरचं पाणी ढकलून देतात आणि खालचं थंड, कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं पाणी वर येतं. तिथे शतकाअखेरीसाठी वर्तवलेले सामू आजच काही दिवस अनुभवाला येतात, पुन्हा ओसरतात, पुन्हा येतात. सांडपाण्यामुळे होणारी कूजही ऋतूप्रमाणे चढते-उतरते. किनाऱ्यावरची आई सावरून बसेपर्यंत पाणी बदललेलं असतं. चार महिनेवाली आई ही प्रयोगाची कृत्रिम सोय म्हणून बाजूला टाकली जाते, पण किनाऱ्याला तीच जास्त जवळची आहे.

टाकीतला निकाल वाचताना आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. टाकीत अन्न वेळेवर येतं, शिकारी नसतो आणि एकाच संकटाशी गाठ असते. शिवाय जगलेल्यांची सरासरी गेलेल्यांबद्दल काही सांगत नाही. मेलिसा पेस्पेनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली जांभळ्या सी अर्चिनचे डिंभ वाढत्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवले. वाढीत आणि आकारात फारसा फरक नव्हता, पण जनुकांच्या पर्यायी रूपांचं प्रमाण बदललेलं होतं. काही वंशरेषा गळत होत्या, काही पुढे सरकत होत्या. ‘फरक नाही’ या दोन शब्दांआड अशी छाटणी चालू असू शकते.

आता तांबं. जहाजांच्या तळाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून लावायच्या रंगांमध्ये ट्रायब्युटाइल टिन असायचं. ते इतकं घातक निघालं की आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा त्यावर बंदी घालणारा करार २००१ साली झाला आणि २००८ साली अमलात आला. जागा भरून काढली प्रामुख्यानं तांब्याच्या रंगांनी. बंदरं, धक्के, खाणींचं पाणी यांतून तांबं किनाऱ्यावर येतच असतं. सी अर्चिनच्या भ्रूणांसाठी ते पाऱ्याच्या खालोखाल विषारी धातूंमध्ये मोडतं.

समुद्राच्या पाण्यात तांब्याचा बराच भाग कार्बोनेटला आणि सेंद्रिय पदार्थांना बांधलेला असतो. विषारी ठरतो तो मुख्यतः मोकळा आयन. सामू उतरला की कार्बोनेट कमी होतं आणि मोकळ्या आयनाचा वाटा वाढतो. तांबं तेवढंच राहून विष वाढतं. सगळ्या धातूंचं असं होत नाही. कॅडमियम समुद्रात मुख्यतः क्लोराइडला धरून असतं, त्यामुळे त्याला सामूचं फारसं सोयरसुतक नाही. म्हणून ‘आम्लीकरण आणि जड धातू’ असं एका दमात बोलणं मला खटकतं. धातू कोणता, ते आधी सांगा.

सेरी ल्यूइस आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली शिंपल्यावर आणि भूमध्य-अटलांटिक किनाऱ्यावरच्या पॅरासेंट्रोटस लिव्हिडस या सी अर्चिनवर हे तपासलं. तांबं सुमारे ०.१ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरमध्ये सहा मायक्रोग्रॅमच्या थोडं वर. प्रदूषित किनाऱ्यावर सहज आढळावं इतकं. सामू ८.१४ असताना आणि ७.७१ असताना तुलना केली. तांब्यानं डीएनएला आणि मेदांना केलेली इजा कमी सामूला दोन्ही प्राण्यांत वाढली. पण डीएनएच्या इजेतली ही वाढ सी अर्चिनमध्ये शिंपल्याच्या चौपटीनं कमी होती. सी अर्चिननं बायकार्बोनेट साठवून शरीरद्रवाचा सामू सांभाळला होता. शिंपल्याला ते जमलं नव्हतं. म्हणजे पाण्यातल्या रसायनाइतकंच महत्त्व प्राण्याच्या आतल्या सावरण्याला.

हे प्रौढांचं झालं. प्रौढ सावरू शकतो म्हणून वाचतो. डिंभाची त्वचा गळकी, शरीरपोकळीतला द्रव बाहेरच्या पाण्यासारखाच, आणि ऊर्जेची शिल्लक आधीच आटलेली. त्यात तांब्याचं एक ओळखीचं काम म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप मंदावणं. कमी सामूच्या पाण्यात डिंभाला आयनांच्या वाहतुकीसाठी जो पंप जास्त चालवावा लागतो, तोच हा. एक संकट ज्या यंत्रावर भार टाकतं, दुसरं तेच यंत्र ढिलं करतं. दोन्हींचे परिणाम स्वतंत्र मोजून बेरीज करण्याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. आणि जिच्या अंड्यातच शिदोरी कमी होती, त्या चार महिनेवालीच्या पिल्लाला हे सोसायचं असेल तर त्याची सुरुवातच मागून होते.

आता आपण प्रदूषण तपासतो कसं, ते पाहा. सी अर्चिनच्या भ्रूणांची चाचणी जगभर वापरली जाते, आणि योग्य कारणानं: स्वस्त, जलद, संवेदनशील. प्रौढ आणायचे, अंडी-शुक्राणू काढायचे, फलन करून भ्रूण तपासायच्या पाण्यात सोडायचे. ४८ ते ७२ तासांनी फॉर्मॅलिन टाकून थांबवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली डिंभ मोजायचे आणि त्यांतले चार हातांचे, नीट सांगाड्याचे किती ते लिहायचं. यावरून पदार्थाची किती मात्रा निम्म्या डिंभांना बिघडवते हे काढतात, आणि असे आकडे पाण्याची मानकं ठरवताना वापरले जातात.

यात प्रौढ मुद्दाम स्वच्छ जागेवरून आणतात, नाहीतर निकाल ‘गढूळ’ होतो. पद्धत म्हणून ते बरोबर आहे. पण त्यामुळे आईचा इतिहास चाचणीतून पुसला जातो, आणि हिरव्या सी अर्चिनच्या प्रकरणात सगळा फरक त्या इतिहासातच होता. पाण्याचा सामू आजच्या आठच्या आसपास धरलेला असतो. म्हणजे तांब्याची सुरक्षित मात्रा म्हणून जो आकडा हाती येतो, तो याच सामूपुरता. आणि चाचणी थांबते कुठे, तर डिंभ नुकता खायला शिकत असताना. पचनाचा वाढलेला खर्च त्यानंतर सुरू होतो. हिरव्या सी अर्चिनची पिल्लं जिथे गळाली, ते तळावर बसून रूप पालटण्याचं वळण तर कित्येक आठवडे पुढे आहे. तोपर्यंत डिंभाच्या डाव्या अंगाला बाल अर्चिनचा कोंब आतल्या आत वाढत असतो, आणि एके दिवशी तासाभरात डिंभ उलटून काटेरी पिल्लू बाहेर येतं. अशा प्राण्याला तिसऱ्या दिवशी फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ‘सुदृढ’ म्हणणं घाईचं आहे.

सगळ्या चाचण्या सोळा महिने चालवा, असं कुणी म्हणणार नाही. सामू धरून ठेवणारी टाकी म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, सामूच्या इशाऱ्यावर उघडमिट करणारा व्हॉल्व्ह, पाण्याची क्षारता वरचेवर मोजणारा माणूस आणि रात्री वीज गेली तर धावत येणारा दुसरा माणूस. त्यापेक्षा स्वस्त तीन गोष्टी आजच होऊ शकतात. तांब्यासारख्या सामूवर हलणाऱ्या धातूंसाठी तीच चाचणी ७.७ च्या सामूलाही लावायची. प्रौढ कुठून आणले, कोणत्या महिन्यात आणि तिथल्या पाण्याचा सामू काय होता, हे अहवालात लिहायचं. आणि भ्रूणांची एक तुकडी फॉर्मॅलिनपासून वाचवून, शैवाल खाऊ घालून, तळावर बसेपर्यंत वाढवायची. तिसरी गोष्ट थोडी खर्चिक आहे, पण तीतून किती पिल्लं तळावर बसली हा आकडा मिळतो, आणि मानक ठरवणाऱ्यांच्या हातात आज नेमका तोच नसतो.